सांगलीत पेठेत आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांमुळे बंब अडकला तर कारवाई होते का?

होते, पण 'बंबाची वाट अडवली की १०,००० रुपये दंड' असं जे म्हणतात, ते अर्धवट खरं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ई गाडी चालवताना बंबाला वाट न देणाऱ्यासाठी आहे. उभ्या गाडीला त्याच कायद्याची कलमं १२२ आणि १२७ लागतात. धोकादायक जागी असेल तर पोलीस ती लगेच उचलायला लावू शकतात, खर्च मालकाच्या माथी.

पण आग लागल्यावर क्रेनची वाट कोण बघणार? बंब जवळपास अडीच मीटर रुंद. कापड पेठेत दोन्ही बाजूंना चारचाकी असल्या, की आरसे मिटूनही तो वळणावर अडकणार. मग जवान पाइप जोडत पळतात, आणि पाइप लांबला की पाण्याचा दाब घटतो. म्हणून १०१ ला फोन करतानाच गल्ली कुठल्या तोंडाने मोकळी आहे ते सांगा. हॅण्डब्रेक ओढून, काचेवर फोन नंबरही न ठेवता गायब होणारे महाभाग आजच वाहतूक शाखेला कळवा.