वाचकांचे प्रश्न : ‘चार दिवस कॅनडाला जाऊन येतो’

कोथरूड : मुलगा अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकायला गेला, तिथेच नोकरी लागून एच-१बी (नोकरीसाठीचा दर्जा) झालं. एफ-१चा व्हिसा कधीच संपलाय आणि एच-१बीचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावणं, झालेलं नाही. मित्राच्या लग्नासाठी चार दिवस टोरांटोला जायचं म्हणतो. परत आत घेतील का? मला तर झोप लागेना.

उत्तर : घेतील, पण कागद चोख हवेत. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा फक्त दारातून आत येण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचं, हे आय-९४ हा प्रवेशाची नोंद असलेला कागद ठरवतो. तुमच्या मुलाच्या मदतीला ‘ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन’ हा नियम आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून परतणाऱ्याचा संपलेला व्हिसा त्या प्रवेशापुरता चालू धरला जातो. मधल्या काळात एफ-१चं एच-१बी झालं असलं तरी तो जुनाच व्हिसा चालतो. आय-९४ची मुदत मात्र शिल्लक हवी.

घोळ होतो तो इथेच. एच-१बीला अमेरिकेतच मंजुरी मिळाली असेल, तर आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तळाशी आय-९४चा तुकडा छापलेला असतो. मुलासाठी तोच खरा. संकेतस्थळावरून आय-९४ काढला, तर शेवटच्या प्रवेशाच्या वेळचा, म्हणजे एफ-१चा जुना कागद निघतो आणि तोच घेऊन मुलं विमानतळावर जातात. मूळ मंजुरीपत्र सोबत ठेवायचं आणि तो तुकडा जाताना कुणाला काढून द्यायचा नाही. जोडीला संपलेला व्हिसा असलेला पासपोर्ट आणि अलीकडच्या दोन-तीन पगारपावत्या.

परतताना पहिला अडथळा बहुधा विमान कंपनीच्या काउंटरवर येतो. तिथल्या कर्मचाऱ्याला व्हिसाची संपलेली तारीख तेवढी दिसते. अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर या नियमाची माहिती आहे. ती छापून न्यावी आणि गरज पडली तर सुपरवायझरला बोलवायला सांगावं. टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते, त्यामुळे तीन तास आधी पोहोचलेलं बरं.

दोन गोष्टी चुकूनही करू नयेत. ‘आलोच आहे तर इथेच स्टॅम्पिंग उरकतो’ म्हणून तिथल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाचा अर्ज केला की ही सवलत गेली, मग नवा व्हिसा हातात पडेपर्यंत तिकडेच मुक्काम. दुसरी म्हणजे टोरांटोहून लंडनला वळसा घालून परतणं. प्रवास फक्त शेजारच्या देशापुरताच हवा.

आणि कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा भारतीय पासपोर्टला लागतोच. मेक्सिकोत अमेरिकेच्या चालू व्हिसावर भारतीयांना प्रवेश मिळतो, पण मुलाचा व्हिसा संपलेला असल्याने तिथेही वेगळा व्हिसा काढावा लागेल. हे तिकीट काढल्यावर कळतं, ही नेहमीची रड.

औंध : आम्ही दोघं बी-२ या पर्यटक व्हिसावर मुलीकडे आलोय. व्हिसा दहा वर्षांचा आहे, पण सहा महिने संपत आले. नायगाराला कॅनडाच्या बाजूला जाऊन आलो तर नवे सहा महिने मिळतात, असं इथले बरेच जण सांगतात.

उत्तर : त्या बऱ्याच जणांवर विसंबू नका. रेनबो ब्रिज पायी ओलांडता येतो, पण परत येताना अधिकारी बहुतेक वेळा जुन्याच आय-९४वर आत सोडतो. नवी मुदत देणं त्याच्या मर्जीवर. ‘हे मुदत वाढवायलाच आलेत’ असं त्याला वाटलं, तर प्रश्नांची सरबत्ती वेगळीच. राहायचंच असेल तर आय-९४ची तारीख उलटण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भरा आणि कारण लिहा. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी दहा वर्षांचा तो व्हिसा कायद्याने आपोआप रद्द होतो.

सदाशिव पेठ : पॅरिस, मग लंडन, मग स्वित्झर्लंड अशी सहल ठरवलीय. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) आणि ब्रिटन, दोन्ही व्हिसा हातात आहेत. आता काही अडचण नाही ना?

उत्तर : शेंगेनच्या व्हिसावर ‘प्रवेशांची संख्या’ हा रकाना बघा. तिथे १ असेल, तर युरोस्टार रेल्वेने लंडनला गेलात त्याच क्षणी तो व्हिसा संपला. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणजे झुरिकला उतरणं हा दुसरा प्रवेश. ‘मल्टी’ असेल तर खुशाल जा. नसेल तर लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटाला घ्या. दिवस मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही धरा. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमांवर शिक्क्यांची जागा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊ लागलेत, त्यामुळे ‘कोण मोजतंय’ हा भरवसा आता गेला.

कर्वेनगर : सूनबाई अमेरिकन आहेत. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर २८ नोव्हेंबरला येतील. पुण्यातलं लग्न आटोपून दोघं २० ते २५ डिसेंबर बालीला जातील आणि परत येऊन ५ जानेवारीपर्यंत राहतील. व्हिसावर दोनदा प्रवेश लिहिलाय.

उत्तर : प्रवेश दोनदा, पण ३० दिवस एकदाच. ते पहिल्या आगमनापासून मोजतात, म्हणजे २७ डिसेंबरला संपतात. बालीतले दिवस वजा होत नाहीत आणि या व्हिसाची मुदत वाढतही नाही. ५ जानेवारीपर्यंत थांबल्या, तर ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर ‘एक्झिट परमिट’चा, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचा अर्ज, दंड आणि हुकलेलं विमान. त्यापेक्षा एक वर्षाचा ई-टुरिस्ट व्हिसा काढा. तो अनेक प्रवेशांचा असतो आणि १२० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली, की भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून त्यांना ओसीआयसाठी (भारताचं परदेशस्थ नागरिकत्व कार्ड) अर्ज करता येईल. त्यामुळे लग्नाची नोंदणी याच फेरीत उरकून घ्या.