पान्हा कुणाच्या हातात

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

मुलांना सायकल-दुरुस्ती शिकवण्यासाठी भांडुपच्या चाळीतील तळमजल्याची खोली दर रविवारी वापरायला मिळाल्याचे तुझे पत्र वाचून आनंद झाला. खोली लहान असल्याची खंत करू नकोस. लॉस एंजेलिसमधील ‘बायसिकल किचन’ ही अशीच सामुदायिक कार्यशाळा एका इमारतीतल्या स्वयंपाकघरात सुरू झाली आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. तू अवजारांची यादी मागितली आहेस, ती शेवटी देतो. त्याआधी मला फार उशिरा उमगलेली एक गोष्ट सांगतो.

नायगावात आम्ही हे काम सुरू केले तेव्हा पहिले वर्षभर सगळ्या सायकली मीच दुरुस्त करीत असे. मुले ओट्यावर बसून गप्पा मारीत, मी पंक्चर काढी, आणि पंधरा दिवसांनी तेच मूल तीच ट्यूब घेऊन पुन्हा दारात उभे राही. पाटी शिकण्याच्या जागेची होती आणि आम्ही चालवीत होतो फुकटचे दुकान. मग नियम केला, की ज्याची सायकल त्याच्याच हातात पान्हा, आणि आपण हात मागे बांधून उभे राहायचे. हे वाटते त्याहून अवघड आहे, कारण जे काम आपण पाच मिनिटांत करू शकतो ते कुणीतरी पाऊण तास चाचपडत करीत असताना आपलेच हात शिवशिवतात.

पंक्चरपासूनच सुरुवात कर. भोक सापडल्यावर पॅच लावण्याची घाई होते. त्याऐवजी भोक ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे ते मुलाला पाहायला लाव. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच अजून टायरमध्येच रुतलेली असण्याचा संभव आहे. आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर बहुधा एखाद्या स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. आणि शेजारी शेजारी दोन भोके असतील तर हवा कमी असताना सायकल खड्ड्यात आदळली आहे. एवढे कळलेले मूल तेच पंक्चर घेऊन सहसा परत येत नाही. घासलेल्या जागेवर सोल्यूशन लावल्यावर ते कोरडे होईपर्यंत थांबावे लागते, आणि ती दोन-चार मिनिटे थांबणे हाच मुलांना सर्वांत कठीण वाटणारा धडा असतो.

बहीण सायकल घेऊन आली की सोबतचा भाऊ पान्हा हिसकावून घेतो, हे तुला पहिल्याच रविवारी दिसेल. भावाला पंप दे आणि हवा भरायला बसव. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मात्र जोर लावण्याआधीच प्रत्येकाला सांग. आमच्याकडे एका उत्साही मुलाने क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटेच खाऊन टाकले होते.

ज्याची सायकल त्याच्याच हातात पान्हा, या नियमाला दोन अपवाद ठेव. ब्रेक आणि हँडल यांची शेवटची तपासणी नेहमी तू स्वतः कर, त्यात कुणाची भीड धरू नकोस. दुसरा अपवाद पोटाचा: पेपर टाकणारा किंवा सायकलवर इडली विकणारा माणूस चेन तुटून आला, तर त्याला शिकवायला बसू नकोस. त्याची सायकल आधी चालू करून दे.

नाक्यावरच्या सायकलवाल्याशी कार्यशाळा उघडण्याआधीच जाऊन बोल. तुझे फुकटचे काम त्याच्या गल्ल्यावर पडते, हे तो तोंडाने म्हणणार नाही. ज्यांना शिकायचे नाही, नुसती घाई आहे, त्यांना त्याच्याकडेच पाठव. आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकवण्यासाठी महिन्यातून एकदा त्याला मानधन देऊन बोलाव. स्पोक किती पिळायचा हे त्याच्या बोटांना जितके ठाऊक आहे तितके मला अजूनही नाही.

सोसायट्यांच्या जिन्याखाली गंजलेल्या सायकली लोक मोठ्या उदारपणे देऊ करतील. एका वेळी तीनच घे, नाहीतर पावसाळ्यापर्यंत खोलीत उभे राहायला जागा उरणार नाही. देणगीत आलेल्या टायर-ट्यूबवर नुसते ‘26 इंच’ लिहू नकोस, कारण 559 आणि 590 मिलिमीटर अशा दोन वेगळ्या रिमच्या टायरांना हेच नाव आहे आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेवर हा आकडा छापलेला असला तर तोच लिही.

आता यादी. पान्ह्यांचा एक संच, टायर काढायच्या पट्ट्या, स्पोक-चावी, चेन तोडायचे अवजार, उभा पंप, ग्रीस, छर्रे, आणि चेनची झीज मोजायला 12 इंचांची लोखंडी मोजपट्टी. चांगल्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंचांत बसतात; 1/16 इंच वाढ दिसली की चेन बदलावी, 1/8 इंच झाली तर बहुधा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, हेही गेलेले असते. सामानाचे भाव भिंतीवर लिहून ठेव आणि पैशांच्या डब्याचा हिशेब दर रविवारी दोघांनी मिळून कर.

खोलीची किल्लीही दोघांकडे ठेव. स्वयंसेवक तीन रविवार उत्साहाने येतात, चौथ्या रविवारी मेगाब्लॉक असतो.

मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे माझ्याकडे डबाभर पडून आहेत. येत्या रविवारी दहाच्या सुमारास घेऊन येतो.

तुझा,
काका