समखुरी: यातला 'सम' कोणता?

प्रश्न असा होता: समखुरी (गाय, डुक्कर, उंट यांचा प्राणिगण) म्हणजे सारखे खूर असलेले प्राणी का? तसं असेल तर देवमाशाला त्या गणात कसं घेतात?

हा 'सम' समान, समतोल यांतला नव्हे; सम-विषम आकड्यांतला. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४८ मध्ये ग्रीक शब्दांवरून 'आर्टिओडॅक्टिला' हे नाव घडवलं, शब्दशः 'समबोटी'. मराठीने बोटाच्या जागी खूर बसवला. कानाला गोड, पण उंटाची पंचाईत झाली. त्याच्या दोन बोटांखाली मऊ गादी असते. खूर म्हणावा तर टोकाला नखासारखा तुकडा.

बरं, बोटं मोजूनही भागत नाही. टॅपिर या डुकरासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पुढच्या पायाला चार बोटं, तरी तो घोड्या-गेंड्यांबरोबर विषमखुरीच. खरी खूण मोजणीत नाही, भार कुठे पडतो त्यात आहे. चिखलात उठलेला गायीचा खूर पाहा: दोन अर्ध्या फाका आणि मध्ये फट. पायाचा आस, म्हणजे भार पेलणारी मधली रेषा, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधून, त्या फटीतूनच जातो. विषमखुरींत तो मधल्या, तिसऱ्या बोटातून जातो. घोड्याचं तर तेवढंच बोट उरलं, त्याची टाप झाली.

संस्कृतात यासाठी 'द्विशफ' आणि 'एकशफ' असे नेटके शब्द होते (शफ म्हणजे खूर). भागवताच्या तिसऱ्या स्कंधात द्विशफांत गाय, बकरा, डुक्कर, मेंढी, अगदी उंटसुद्धा आहे. चमरी (याक) मात्र दोन खुरांची असून चुकून गाढवा-घोड्यांच्या पंक्तीत बसली!

आता देवमासा. समखुरींच्या घोट्यातल्या एका हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. पाकिस्तानात सापडलेल्या, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्यात तेच हाड निघालं. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. डीएनएचा कौल त्याआधीच आला होता: देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. इतकंच नाही, गायीचं नातंही डुकरापेक्षा देवमाशाशी जवळचं. म्हणून काही जण गणाला 'सीटार्टिओडॅक्टिला' हे जोडनाव देतात.

माझं मत विचाराल तर 'समखुरी'च ठेवावा. खूर नसलेला समखुरी खटकतो खरा, पण मासा नसलेल्या देवमाशाला आपण कधी हटकलं?