क्रोशाचा झालरवाला कोस्टर वाटीसारखा वर का वळतो? आणि झालर कशी लावायची?

वळतो कारण खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके) कमी पडतात. सुती दोरा आणि ३.५ मिमीची सुई घ्या. सुरुवातीच्या गोलात १२ खांब, मग प्रत्येक फेरीत १२ वाढवायचे: २४, ३६, ४८. चार फेऱ्यांत साधारण कपाच्या बशीतल्या खळग्याहून मोठा, पेला आरामात बसेल एवढा गोल होतो. कडा उचलली जात असेल तर खांब कमी आहेत, झालरीआधीच लाटा पडत असतील तर जास्त. दोन्हींत शेवटची फेरी उसवून मोजा, पुढे रेटू नका.

झालरीसाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोरा गुंडाळून एका कडेने कापा, म्हणजे सगळे तुकडे सारखे येतात. ३ सेंमी झालर हवी तर तुकडा ८ सेंमीचा, कारण गाठीत थोडा जातो. तुकडा दुमडायचा, सुई कडेच्या टाक्यातून मागून पुढे घालून दुमड ओढून घ्यायची, त्या फासातून दोन्ही टोकं काढून घट्ट करायची. ४८ टाके, ४८ गाठी. शेवटी झालर किंचित ओली करून कंगव्याने विंचरा आणि मगच कात्रीने सारखी करा.

ॲक्रिलिक लोकर मात्र नको. ती पाणी नीट शोषत नाही आणि गरम भांड्याखाली खराब होते.