बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे. नवरा मारत नाही, पण औषधं, फोन, पैसे सगळं त्याच्या ताब्यात. याला छळ म्हणायचं का?

हो, म्हणायचं. तुम्ही लिहिलंय की सारखं बाथरूमला न्यावं लागतं म्हणून तो तिला पाणीसुद्धा मोजून देतो, आणि तरी तीच म्हणते "तो माझं एवढं करतोय ना". मलाही एमएस आहे, रत्नागिरी जिल्ह्यात राहते, सासर सोडून आता माहेरी, त्यामुळे हे असं बोलणं कुठून येतं ते मला चांगलंच कळतं.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करते. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो आणि बहुतेकदा विशी ते चाळिशीत, म्हणजे नेमकं लग्न, मुलं, सासर चालू असताना. वरून काही दिसत नाही, सकाळी धडधाकट चालणारी बाई दुपारी भिंत धरते, मग "नाटकं करते" म्हणायला सगळे मोकळे. माझ्या वेळी आधी बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून देवाला कौल लावून झाला (त्याचा मला राग नाही, गावात सगळेच लावतात), मग एमआरआय झाला आणि मग सुरू झालं "आम्हाला फसवून मुलगी दिली".

मारहाण नव्हतीच. आमच्यासारख्यांवर हात उचलायची गरजच पडत नाही हो. उष्णतेने लक्षणं वाढतात, नजर धूसर होते, पायातलं बळ जातं, आणि मे महिन्यात आपल्याकडे काय उकाडा असतो ते तुम्हाला सांगायला नको. भांडण झालं की नवरा पंखा बंद करून दार ओढून घ्यायचा. आता पंखा बंद केला म्हणून पोलिसात काय सांगणार? काठी हात पोचणार नाही अशी ठेवायची, फ्रिजमधली इंजेक्शनं बाहेरच राहू द्यायची, डॉक्टरने मला विचारलं तरी उत्तर त्यानेच द्यायचं, एटीएम कार्ड त्याच्याकडे, आणि वर "तुझ्यावर किती खर्च होतो माहितीये का".

माणूस सेवा करून थकतोही, ते मला मान्य आहे. माझी आईच बघा, माझं करून करून तिची कंबर गेलीय, चिडते, कधी नको ते बोलते. पण कितीही चिडली तरी पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवूनच बाहेर जाते. तुमच्या बहिणीकडे एवढंच बघा, त्याला राग आला की तिची मदत बंद होते का.

पाण्याचं तर आजच थांबवायला हवं. कमी पाण्याने लघवीचं इन्फेक्शन होऊ शकतं आणि इन्फेक्शन झालं की एमएसची लक्षणं उसळतात. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, आणि त्याच्या कलम 92 मध्ये आपल्या ताब्यातल्या अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे, 6 महिने ते 5 वर्षं शिक्षा. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून घ्या, पुढे सगळीकडे लागतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वेगळा, त्यात टोमणे, मानसिक त्रास, पैसे अडवणं, लैंगिक जबरदस्ती सगळं येतं. (हे शेवटचं तिला एकटीला गाठून विचारा, अंगात त्राण नसताना काय काय सोसावं लागतं ते बायका आपणहून बोलत नाहीत.) तक्रार तिनेच केली पाहिजे असं नाही, बहीण म्हणून तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) कळवू शकता. वकील तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बायकांना त्यात उत्पन्नाची अट नाही. अडीअडचणीला 181 ही महिला हेल्पलाइन आहेच.

फक्त लगेच जाऊन त्याला जाब विचारू नका, तुम्ही घरी निघून याल आणि ती तिथेच असेल. आधी रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, आधार यांचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये घ्या. पुढच्या तपासणीला काहीतरी निमित्त काढून सोबत जा आणि डॉक्टरला सांगा की तिला थोडा वेळ एकटीला तपासा. आणि ती तुमच्याकडे येणार असेल तर संडासात धरायला दांडा बसवून घ्या, मागीलदारच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं ते घासून काढा, कारण पहिल्याच आठवड्यात पडली तर "मी घरीच बरी होते" म्हणून परत जाईल.