व्हॅनमधली फ्री डिश घोडबंदर रोडवर टॉवरखाली 'नो सिग्नल' का दाखवते?

बहुतेक टॉवरच, म्हणजे ती उंच इमारतच, आड येतेय, सेट-टॉप बॉक्स बदलायची घाई करू नका. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे ठाण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंशांवर येतो (मी डिश बसवण्याचंच काम करतो). आग्नेयेची इमारत तिच्या उंचीच्या दोन-तृतीयांशापेक्षा जवळ असेल तर खेळ खल्लास. गाडी तिथून पुढे घ्या.

समोर मोकळं आकाश असूनही चित्र नसेल तर आधी गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर गाडी कलली की डिशही कलते. मग मेनूत सिग्नल बघा:

- स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी शून्य: डिशची दिशा चुकली. केसभर हलवून दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो.
- दोन्ही शून्य: केबल, कनेक्टर नाहीतर एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा छोटा डबा) बिघडलाय. खाडीच्या हवेत कनेक्टर आधी गंजतो, तो पहिला बदला.

हे सगळं उभ्या गाडीपुरतं. चालत्या गाडीत साधी डिश चालत नाही. आणि जुलैच्या धो-धो पावसात सिग्नल गेला तर डिशला हातही लावू नका, सर ओसरली की येतो.