नाइट संपते, पण डोळा लागत नाही

प्रश्न : मी मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. महिन्यातून दोन आठवडे नाइट असते. घरी येऊन आडवी झाले तरी झोप येत नाही, मुलावर उगाच खेकसते. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : अगं, नाही. मी तीस वर्षं वॉर्डात काढली. एकदा नाइटहून परतल्यावर घराच्या कुलपाला औषधांच्या कपाटाची किल्ली लावत बसले होते!

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. शरीर, मन, नाती आणि भोवताल असे तिचे चार भाग. शिफ्ट या चारही ठिकाणी घुसते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक घटतं आणि दमलेलं शरीरही जागं राहतं. म्हणून खोलीला जाड पडदे लाव. चहा-कॉफी नाइटच्या पहिल्या अर्ध्यातच उरक.

रोस्टर सकाळ, दुपार, मग रात्र असं पुढे सरकणारं असलं तर शरीराला सोसतं. उलटं फिरलं की जास्त त्रास. इन्चार्ज सिस्टरना हे सांगच, पण एकटीने नको, चौघी मिळून लेखी द्या. एकीमागे किती पेशंट, हेही त्यातच लिहा. तो प्रश्न प्राणायामाने सुटत नाही. (नाइट करून आलेल्यांना तणावमुक्तीच्या व्याख्यानाला बसवतात, त्याची मला अजून चीड येते.)

महिनाभराने झोप तशीच राहिली तर रीतसर केसपेपर काढून डॉक्टरांना दाखव. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या विचारून भागवू नकोस.